मामांची एमजीबी: अपग्रेडच्या आधी जुगाड काढा

प्रश्न: मामांची १९६६ची एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश स्पोर्ट्सकार) आता माझ्याकडे आहे. शिवाजी पार्कला ती बरीच वर्षं झाकून उभी होती. पार्ल्याला आणून सुरू करून घेतली, पण ट्रॅफिकमध्ये तापते, दिवे मंद आहेत आणि गरम असताना बंद केली की लवकर सुरू होत नाही. एक गॅरेजवाला म्हणतो, "जुनं इंजिन काढा, मारुतीचं टाका, कटकट संपली." दुसरा म्हणतो, कशालाच हात लावू नका. रविवारी फिरवायची आणि जमलं तर आठवड्यातून एकदा ऑफिसला न्यायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू आणि काय काय बदलू?

उत्तर:

मारुतीचं इंजिन टाकू नका. हे आधी ठरवा, बाकीचं त्यानंतर. तुमच्या गाडीत बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) १,७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आहे. आपल्या अँबॅसिडरचं १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) एकच, ८८.९ मिलिमीटर, फक्त एमजीबीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) मोठा. १९६४च्या शेवटी शेवटी या इंजिनाच्या क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंगं आली, म्हणजे १९६६च्या गाडीत मुळात पाच बेअरिंगंवालं इंजिन असतं. भक्कम, साधं, कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे रिबोर होणारं. अँबॅसिडरवर हात बसलेला मिस्त्री याचं हेड उघडतो तेव्हा त्याला नवीन काही दिसत नाही. गरम इंजिनावर ऑइल प्रेशर चालत्या गाडीला ५० पौंडांच्या वर राहत असेल आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) १०च्या खाली जात नसेल, तर आत्ता इंजिन उघडायचंही कारण नाही.

'कशालाच हात लावू नका' हाही सल्ला बरोबर नाही. मुंबईत माझ्याकडे येणाऱ्या ब्रिटिश गाड्यांचे जे दोष म्हणून सांगितले जातात, त्यातले बहुतेक मूळ कारखान्यातून आलेले नसतात. ते नंतरच्या पन्नास वर्षांतल्या जुगाडातून आलेले असतात. आयातीवर बंधनं होती तेव्हा इथे एमजीबीचा साधा वॉटर पंप मिळणं मुश्किल होतं. त्या काळातल्या मिस्त्र्यांनी फियाटची कॉइल, अँबॅसिडरचा पंप, लेथवर कातलेले बुश लावून या गाड्या जिवंत ठेवल्या. त्यांच्या हाताला मी मनापासून मानतो. पण आज ती अडचण नाही. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये यांचा जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने बनतो. १९८८पासून तर आख्खी बॉडीशेल नवीन मिळते. मग जुगाड ठेवायचं कशाला? आधी गाडी कारखान्यातून निघाली तशी करा. ती तशी चालवून बघा. त्यानंतर मुंबईला जे खरंच लागतं तेवढंच अपग्रेड करा, आणि तेही असं की उद्या काढून मूळ भाग परत लावता येईल. काढलेला मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा. विकायचा नाही, भंगारात तर नाहीच नाही.

एक गोष्ट लोक नेहमी विचारतात म्हणून सांगतो: हालोलला बनणाऱ्या आजच्या एमजीशी या गाडीचा नावापलीकडे संबंध नाही. शोरूममध्ये जाऊन वेळ घालवू नका.

सुरुवात पत्र्यापासून. इंजिनावर खर्च करण्याआधी गाडीचा सांगाडा शाबूत आहे का ते कळलं पाहिजे, कारण एमजीबीला वेगळी चासी नाही. दाराखालचे दोन सिल हाच तिचा कणा. रोडस्टरला वर छप्पर नसल्याने सगळा भार त्यांच्यावर येतो. सिल म्हणजे बाहेरून दिसणारी एक पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा आणि आतला पत्रा असे तीन थर असतात. शिवाजी पार्कसारख्या समुद्राजवळच्या जागी उभ्या गाडीत गंज आतून येतो, वरून रंग चकचकीत असतो. बारीक चुंबक फडक्यात गुंडाळून पुढच्या चाकामागे, दाराच्या खालच्या कोपऱ्यात आणि मागच्या चाकापुढे फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दुसरी परीक्षा अशी: दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट नीट बघून ठेवा. मग पुढचं चाक जॅकवर उचला आणि दार उघडून परत लावा. फट होती तशीच राहिली आणि दार सहज लागलं तर सिल काम करतायत. फट वरच्या बाजूला आवळली, लॅच घासायला लागला, तर गाडी मधून वाकतेय.

सिल बदलायचेच ठरले तर डेंटरला एकच गोष्ट ठासून सांगा: जुना सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करायचा, आणि गाडी जॅकवर न ठेवता चाकांवर किंवा ॲक्सलखाली आधार देऊन भारात ठेवायची. आधाराशिवाय सिल कापलेली रोडस्टर मध्ये बसते. मग नवीन सिल त्या वाकलेल्या मापात वेल्ड होतो आणि दार आयुष्यात नीट लागत नाही. जुन्या सिलवर वरून नवा पत्रा चिकटवून देणारे पुष्कळ आहेत. तसलं काम स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. सीटमागच्या फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे दोन पेटारे असतात, तेही उचकून बघा. ॲसिड आणि पाणी मिळून त्यांचा तळ बहुतेक गाड्यांत गेलेला असतो.

पत्र्यानंतर ब्रेक, आणि इथे काटकसर नाही. १९६६च्या गाडीत ब्रेकची एकच सर्किट आहे. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, हातात उरतो फक्त हँडब्रेक. उभ्या राहिलेल्या गाडीत तिन्ही रबरी होज, मागचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची सील आणि पुढच्या कॅलिपरची सील बदलायचीच, बाहेरून कितीही चांगली दिसोत. रबरी होज आतून फुगतो. पेडल दाबलं की ब्रेक लागतो, सोडलं तरी ऑइल परत येत नाही, चाक धरून राहतं, ड्रम तापतो आणि मिस्त्री बेअरिंग बघत बसतो. ब्रेक ऑइल डॉट ४ वापरा आणि ते दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदला. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याची कमी नाही.

आता तुमच्या तीन तक्रारींकडे येऊ. तापण्याचं आधी.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) ज्यात बसतो ते हाउसिंग उघडा. आत थर्मोस्टॅट नसण्याचीच शक्यता जास्त आहे. 'मुंबईच्या गरमीत थर्मोस्टॅट कशाला' म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं तेव्हा थर्मोस्टॅट असला तरी पूर्ण उघडाच असतो, त्यामुळे तो काढून तिथे काहीच फायदा होत नाही. उलट मोकळ्या रस्त्यावर इंजिन थंड राहतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि बोअर झिजतो. उष्ण हवामानासाठी कंपनीने ७४ अंशांचा थर्मोस्टॅट सांगितला होता, तो बसवा. मग ब्लॉकच्या मागच्या अंगाला असलेला पाण्याचा नळ उघडा. काही आलं नाही तर नळ काढून भोकात तार घाला. आधी लालसर चिखल निघेल, मग पाणी. मागच्या सिलिंडरांभोवती हा गाळ साठतो आणि नेमके तेच सिलिंडर रेडिएटरपासून सर्वांत लांब असतात. रेडिएटर कितीही नवा आणलात तरी हा गाळ काढेपर्यंत गाडी तापणारच. ब्लॉक उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा, रेडिएटरचा कोअर रॉडिंग करून (आतल्या नळ्या सळईने साफ करून) घ्या किंवा नवा टाका, कॅप आणि होज नवे लावा, कूलंट भरा. साधं नळाचं पाणी नको.

एवढं झाल्यावर गाडी सकाळी सी लिंकवरून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हपर्यंत नेऊन आणा. काटा स्थिर राहिला पाहिजे. त्यानंतरही माहीमच्या सिग्नलला काटा चढत असेल, तर इलेक्ट्रिक पंखा हे मुंबईसाठी रास्त अपग्रेड आहे. मूळ पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो, आयडलला तो हवा खेचतच नाही म्हटलं तरी चालेल. पण इलेक्ट्रिक पंखा लगेच बसवू नका, कारण त्याला लागणारा करंट तुमच्या गाडीत नाही.

इथे दिव्यांचा प्रश्न जोडलेला आहे. या गाडीत बॅटरी चार्ज करायला लुकासचा सी-४० डायनमो आहे. तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो आणि आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला उभं असताना डॅशवरचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळेच. संध्याकाळची वेळ, हेडलाइट चालू, वायपर चालू, त्यात पंखा लावलात तर घरी पोहोचेपर्यंत बॅटरी बसेल. म्हणून क्रम असा: आधी वायरिंग, मग अल्टरनेटर (डायनमोच्या जागी बसणारा, जास्त करंट देणारा), मग पंखा.

वायरिंगमध्ये जे सापडेल त्याचं आश्चर्य मानू नका. १९६६च्या एमजीबीला फक्त दोन फ्यूज, आणि हेडलाइट त्यांतल्या एकावरही नाहीत. त्यावर पन्नास वर्षांत हॉर्न, स्टिरिओ, फॉगलॅम्पच्या वायरी पिळून, टेप गुंडाळून लागलेल्या असतात. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी चकाकी मी काढलेली आहे. हार्नेस (वायरींचा सगळा जुडगा) जागोजागी जोडलेला असेल तर मूळ रंगांचा नवा हार्नेस मागवा. डागडुजीत मजुरी जास्त जाते. चांगला असेल तर एकेक बुलेट कनेक्टर उघडून घासा, नवे लावा. आणि सगळ्यांत आधी अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचा विद्युत संबंध एका जाड वेणीदार पट्टीने होतो. ती तुटली किंवा कोणी परत लावली नाही, तर स्टार्टरचा करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना चोकची केबल हाताला गरम लागली तर समजा पट्टी गेली. सेल्फ जड फिरतो म्हणून स्टार्टर रिवाइंड करून आणलेल्या गाड्यांतही मला शेवटी हीच पट्टी गायब सापडलेली आहे.

दिवे मंद का, हे मल्टिमीटर सांगतो. हेडलाइट लावून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग दिव्याच्या टोकावर मोजा. दीड-दोन व्होल्ट वाटेतच गळत असतील तर ते डॅशवरच्या स्विचात आणि पायाखालच्या डिपर स्विचात गळतायत, कारण दिव्यांचा सगळा करंट त्यांतून जातो. दोन रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारे स्विच) लावा, बॅटरीकडून फ्यूजसह थेट जाड वायर द्या, जुना स्विच फक्त रिले चालवेल. बाहेरून काही दिसत नाही, काढायला तासभर लागतो, आणि रात्री गाडी चालवण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. माझ्या मते या गाडीवरचं सगळ्यांत उपयोगी अपग्रेड हेच.

अल्टरनेटर लावायचा तर आधी पोलॅरिटी बदलावी लागेल. नोव्हेंबर १९६७च्या आधीच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. आजचा अल्टरनेटर, चार्जर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन सगळं निगेटिव्ह अर्थचं. बॅटरी उलटी जोडायची, कॉइलच्या वायरींची अदलाबदल करायची, इतकंच बहुतेक वायरमन करतात आणि आरपीएमचा काटा मरतो. तुमच्या मॉडेलचं आरपीएम मीटर इलेक्ट्रॉनिक आहे, त्याला पोलॅरिटी कळते. ते उघडून आतली जोडणी बदलावी लागते. मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे आधी पाठवा, मगच बॅटरी उलटवा. अल्टरनेटर लुकासचाच किंवा लहान भारतीय गाडीचा बसवता येतो, पण क्रँक, वॉटर पंप आणि अल्टरनेटर यांच्या पुली एका रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर बेल्ट आणि वॉटर पंपाचं बेअरिंग दोन्ही जातील. आणि पॉझिटिव्ह अर्थ आहे हे एका पट्टीवर लिहून बॉनेटखाली लावा, रस्त्यात कोणी जंप स्टार्ट द्यायला येतो तेव्हा ते उपयोगी पडतं. बदललंत की पट्टीही बदला.

तिसरी तक्रार, गरम असताना सुरू न होणं. एमजीबीत एसयू कंपनीचे दोन्ही कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी वर बसतात. गाडी चालू असते तोवर हवा खेळत राहते. बंद केली की खालची सगळी उष्णता वर चढते आणि फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल उकळतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणून हा त्रास पूर्वीपेक्षा वाढलाय. पण आधी खात्री करा की दोष पेट्रोलचाच आहे. एक जादा प्लग गाडीत ठेवा. सुरू झाली नाही की एका सिलिंडरची वायर त्याला जोडून प्लग ब्लॉकवर टेकवा आणि सेल्फ मारा. निळी, कडक ठिणगी दिसली तर इग्निशन ठीक. पिवळी, मरतुकडी ठिणगी किंवा काहीच नाही, तर कंडेन्सर किंवा कॉइल गरम होऊन मरतेय. हल्ली बाजारात येणारे कंडेन्सर फार खराब आहेत, नव्या डबीतला आहे म्हणून त्यावर विश्वास ठेवू नका.

दोष पेट्रोलचा असेल तर कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये जो पत्र्याचा हीट शील्ड असतो तो जागेवर आहे का बघा, त्याचं इन्सुलेशन नवं करा, कार्बोरेटरमागचे उष्णता अडवणारे स्पेसर तुटलेले नसावेत. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधा. आणि सुरू करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, चोक ओढू नका. पंप मारून उपयोग नाही, एसयूला ॲक्सिलरेटर पंप नसतोच.

इथेनॉलचं आणखी एक काम आधीच करून टाका. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे लावा. जुनं रबर यात मऊ पडतं, आतून सोलतं, त्याचे काळे कण फ्लोटच्या सुईत अडकतात आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम एक्झॉस्टवर पडतं. गाड्या जळतात त्या अशा. टाकी उतरवून वरचा पत्रा बघा. बूटच्या तळाला चिकटून बसलेली माती तिथेच ओली राहते आणि टाकी वरून सडते. मागच्या बाजूचा एसयूचा इलेक्ट्रिक पंप बोलका असतो. चावी फिरवली की टक-टक-टक करून थांबला पाहिजे. थांबतच नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा फ्लोट भरत नाही. बोललाच नाही तर त्याचे पॉइंट साफ करा.

पेट्रोल बदललं म्हणजे ट्युनिंगही बदलणार. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे जुन्या सेटिंगवर आजच्या पेट्रोलवर गाडी हलक्या मिश्रणावर चालते, आणि हलकं मिश्रण म्हणजे पुन्हा तापणं. ट्युनिंगचा क्रम कधीही मोडू नका. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), थंड इंजिनावर ०.३८ मिलिमीटर. मग प्लग ०.६३, मग सीबी पॉइंट (इग्निशनचे कॉन्टॅक्ट) ०.३५ ते ०.४०, मग टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी. इंजिन गरम करून दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी रबरी नळी धरून कानाने फूत्कार ऐका. दोन्हीकडे सारखा येईपर्यंत आयडल स्क्रू फिरवा. मग एकेका कार्बोरेटरच्या बुडाशी असलेली छोटी पिन हलकेच वर ढकला, पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलला जाईल इतकीच. इंजिन क्षणभर वाढून परत जागेवर आलं तर मिश्रण बरोबर. वाढून वाढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त. पडायला लागलं तर पेट्रोल कमी. खालचा जेटचा नट एकेक पैलू फिरवत जा: खाली गेला की पेट्रोल वाढतं, वर गेला की कमी होतं. हे सगळं करूनही आयडल हेलकावतच असेल तर थ्रॉटल स्पिंडल (कार्बोरेटरमधली झडप फिरवणारा दांडा) हाताने हलवून बघा. ढिला असेल तर तिथून हवा शिरतेय आणि कितीही ट्युनिंग करा, बसणार नाही. स्पिंडल आणि बुश नवे टाकून घ्या.

हे काम करणारा माणूस शोधणं हल्ली पार्ट शोधण्यापेक्षा कठीण झालंय. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि पॉइंट-कार्बोरेटरवर पोट भरणारी पिढीच घरी बसली. काळी-पिवळीवर आयुष्य घालवलेला एखादा चाचा तुमच्या भागात असेल तर त्याला आदराने बोलवा, त्याच्यासोबत उभे राहा आणि शिकून घ्या. त्याला एसयू कार्बोरेटर नवा असेल, पण कान तयार असतो. फक्त त्याच्या पेटीतले पाने वापरू देऊ नका. या गाडीचे नट इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या नटावर १३चा पाना सैल बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. ७/१६, १/२, ९/१६ अशा मापांचे रिंग पाने नागदेवी स्ट्रीटला भारतीय कंपन्यांचे मिळतात. तिथेच यूएनएफ (बारीक इंची) आट्यांचे हाय टेन्साइल बोल्ट, ऑइल सील, बेअरिंगंही मिळतील. जुना भाग हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगू नका.

ऑइलबद्दल दोनच गोष्टी. इंजिनात २०डब्ल्यू-५० मिनरल, कारण या इंजिनाच्या टॅपेटना झिंक असलेलं जाड ऑइल लागतं. आणि गिअरबॉक्समध्येही तेच इंजिन ऑइल. सवयीने तिथे ९०चं गिअर ऑइल ओतलं जातं. ते फक्त मागच्या ॲक्सलसाठी आहे. पहिल्या गिअरला तुमच्या गाडीत सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवणारी सोय) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. सरकत्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्यावर राहा किंवा थांबा.

शिसंयुक्त पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी २०००पासून बंद आहे. जुन्या हेडच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटना त्या शिशाचं संरक्षण होतं. टॅपेटची फट सारखी सारखी कमी होत असेल तर सीट खचतायत. हेड जेव्हा केव्हा उतरेल तेव्हा कडक सीट बसवून घ्या. मुद्दाम त्यासाठी उतरवू नका.

सस्पेन्शन पटकन उरकतो. पुढच्या किंगपिनला (ज्यावर पुढचं चाक वळतं तो दांडा) दर बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, साधारण ४,८०० किलोमीटरला ग्रीस मारायचं. चाक जमिनीवरून उचलून मारा, तरच ग्रीस भार पेलणाऱ्या जागी पोहोचतं, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत मारत राहा. तुमच्या ओळखीत कोणाकडे ट्रायम्फ स्पिटफायर किंवा मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड असेल तर त्यांना मात्र सांगा, तिथल्या ट्रनियनना (पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या सांध्यांना) ग्रीस नाही, ९०चं ऑइल लागतं. लिव्हर शॉक ॲब्सॉर्बर गळत असतील तर ते रिकंडिशन करून घ्या. टेलिस्कोपिक बसवायचा खटाटोप मी करत नाही. पॉलियुरेथेन बुशही नको, आपल्या रस्त्यांवर मणका त्याची किंमत देतो. वायर व्हील असतील तर स्प्लाइन झिजलेत का बघा आणि डावे-उजवे हब जागच्या जागी आहेत याची खात्री करा. त्यांचे आटे उलटसुलट असतात, अदलाबदल झाली तर चालता चालता नट सुटतो.

पाच गिअरचा बॉक्स, मोठे कार्बोरेटर, रेसिंगचा कॅम यांवर आत्ता विचारही करू नका. ९५ हॉर्सपॉवर नीट चालत असतील तर मुंबईत त्या संपत नाहीत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलं आहे, पोलॅरिटी बदलल्यावर लावा, पण ग्लोव्ह बॉक्समध्ये पॉइंट आणि पारखलेला कंडेन्सर असू द्या. सीट बेल्ट मात्र नसतील तर पहिल्याच महिन्यात बसवा.

जूनच्या आधी गालिचे काढून घरात ठेवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरून पत्रा खातो. सुती कव्हर आणि वर छप्पर, काचा बोटभर उघड्या. महिन्यातून एकदा कोरडा दिवस बघून पंधरा-वीस किलोमीटर फिरवणार असाल तर टाकी भरलेली ठेवा. अजिबात फिरवणार नसाल तर टाकी आणि फ्लोट बाउल दोन्ही रिकामे करा. इथेनॉलचं पेट्रोल दमट हवेत पाणी ओढतं आणि ते तळाशी बसतं. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने उलट ओलावा साठतो, ते करू नका.

राहिले कागद, आणि इथे तुमच्या ऑफिसचा प्रश्न येतो. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर घेता येतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात फेरफार झालेली चालत नाही. सुरुवातीला मारुतीच्या इंजिनाला नाही म्हटलं त्यामागे हेही कारण होतं. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो. पण व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुम्हाला आठवड्यातून एकदा ऑफिसला न्यायचीय, म्हणून आत्ता व्हिंटेज नोंदणीच्या मागे लागू नका. मामांची जुनी आरसी काढा, तपासणी करून दर पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरून तीच नोंदणी चालू ठेवा आणि ती तुमच्या नावावर करून घ्या. आरटीओत जाण्याआधी इंजिनावरची आणि बॉनेटखालची नंबरांची पाटी रॉकेलच्या फडक्याने पुसून, फोटो काढून आरसीशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. पूर्वी कधी इंजिन बदललेलं निघालं तर ते तपासनिसाने शोधायच्या आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.